दात कशानं घासता?

लग्नात वरमाईला काय विचारावं याचे काही रिवाज आहेत. जेवलात का, प्रवास बरा झाला का, एवढ्यावर आपण थांबतो. मागच्या हिवाळ्यात विहाराच्या हॉलमध्ये आमच्या भाचीचं लग्न होतं. वंदना झाली, हार झाले, लोक जेवणाकडे वळले. तेवढ्यात माझा मावसभाऊ, डॉक्टर मनोहर, हातात बुंदीची वाटी घेऊन वरमाईसमोर जाऊन उभा राहिला. ती बिचारी पदर सावरत म्हणाली, "जेवले का डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरसाहेबांनी तिच्याकडे फार मायेनं पाहिलं आणि विचारलं, "दात कशानं घासता?"

वरमाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं. मी भाताच्या पातेल्यामागे सरकलो. अशा वेळी नातं लपवायची माझी ही जुनी पद्धत आहे.

"म्हणजे?"

"सकाळी उठल्यावर हो. पेस्ट, मंजन, राखुंडी, काय वापरता?"

"मंजन."

"काळं का लाल? त्यात तंबाखू तर नाही ना? कोर्समध्ये आहे म्हणून विचारून राहिलो."

आणि त्यानं शर्टाच्या खिशातून टॉर्च काढला.

पंधरा मिनिटांनी हॉलच्या मागे वरपक्षाचे आठ-दहा पुरुष आपापली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून उभे होते. तीन बोटं आत गेली तर जबडा नीट उघडतो, न गेली तर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं आपलं काम सुरू केलेलं आहे, अशी ती परीक्षा. फोटोग्राफरला वाटलं ही आमच्याकडची काही रीत असावी. त्यानं फोटो काढला. तो आज अल्बममध्ये आहे, हार घालण्याच्या आणि निरोपाच्या मधोमध.

मनोहरदादा सहासष्ट वर्षांचा आहे. कोराडीत त्याचा छत्तीस वर्षांपासून दवाखाना आहे. पुढे दवाखाना, मागे घर, मधे एक फुलाफुलांचा पडदा. दवाखान्यात एक टेबल, एक स्टूल, एक लांब बाक आणि एक वजनकाटा. या काट्यावर सगळ्या कोराडीचं वजन दोन किलो कमी भरतं, म्हणून तो दादापेक्षाही लोकप्रिय आहे. दादाचं लग्न राहून गेलं. का राहून गेलं याच्या आमच्या घरात तीन कहाण्या आहेत. तिन्ही मीच सांगतो आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

पडद्यामागे माई असते. माई म्हणजे दादाची थोरली बहीण, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा दादा चार वर्षांचा होता. माईनं शाळा सोडली, धाकट्याला कडेवर घेतलं, आणि तो डॉक्टर होईपर्यंत खाली ठेवलं नाही. स्वतःचं लग्न तिनं "यंदा नको, मन्याची परीक्षा आहे" असं सांगत सांगत टाळलं. परीक्षा संपल्या तेव्हा विचारायला येणारी माणसंही संपली होती.

मी शेजारी राहतो. कन्हानच्या शाळेत चित्रकला शिकवतो. शाळा सकाळची, त्यामुळे एकच्या बसनं मी परत येतो, जेवतो आणि दादाच्या दवाखान्यातल्या बाकावर आडवा होतो. घरी बायको म्हणते की तिथं काय ठेवलं आहे. तिथं झोप ठेवलेली आहे, एवढंच.

दुपारी दोन ते चार कोराडी पेंगते. वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर वर जायचा कंटाळा करतो आणि आडवा पसरतो. कोळशाचे ट्रक लांबून गेल्यासारखे जातात. उन्हात राखेचे बारीक कण तरंगत असतात, खाली बसायचं की नाही हे त्यांचं ठरलेलं नसतं. अशा वेळी दादा टेबलावर मोबाइल उभा करून कोर्स करायचा.

हा कोर्स दूरच्या कुठल्याशा संस्थेनं गावोगावच्या डॉक्टरांसाठी काढलेला. कर्करोग वाढायच्या आधी, साध्या दवाखान्यात, साध्या डोळ्यांनी कसा ओळखायचा, याचे बारा धडे. शिकवायला एक तरुण मॅडम. धडा सुरू करायच्या आधी दादा केस विंचरायचा, शर्टाचं वरचं बटण लावायचा आणि चपला टेबलाखाली काढून ठेवायचा. मॅडम "नमस्कार" म्हणाल्या की हा मान लववून "नमस्कार मॅडम" म्हणायचा.

"दादा, ते रेकॉर्ड केलेलं आहे," मी बाकावरून म्हणालो.

"माहीत आहे गा."

"मग नमस्कार काहून करून राहिला?"

"रेकॉर्ड केलेली असली म्हणून काय झालं? शिकवून तर राहिली ना ती."

मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. माझ्या झोपेत मॅडमचा आवाज हळूहळू पातळ होत जायचा. "ओठ आतून बघा, गाल आतून बघा, जीभ उचलून तिच्या खाली बघा." मला दिसायचं की मॅडम चिमणीच्या काठावर पाय सोडून बसल्या आहेत आणि खाली सगळी कोराडी आ वासून उभी आहे. जाग आली की दादा तसाच बसलेला, वहीत लिहीत. मोबाइलच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी असायची, किती कोर्स झाला ते दाखवणारी. दादाला त्या पट्टीचं इतकं वेड लागलं की तो सगळंच तसं मोजू लागला. "वरण सत्तर टक्के झालं माई," असं पडद्याकडे तोंड करून सांगायचा.

पडद्यामागून माई म्हणायची, "गुपचूप अभ्यास कर, मन्या."

तिसऱ्या धड्याच्या शेवटी प्रश्न होते. त्यात एक असा: रुग्णाची तोंडाची काहीच तक्रार नसेल, तर तोंड तपासावं का? दादानं छत्तीस वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर "नाही" दाबलं. लाल फुली आली. त्यानं परत दाबलं. परत फुली. तो मोबाइलशी भांडला. "तापाच्या माणसाचं तोंड कशाले पाहू मॅडम? बाहेर बाकावर लाइन लागून राहते." मॅडम स्थिर हसत होत्या. मग दादानं वही ओढून घेतली. म्हणाला, "सुधाकर, छत्तीस वर्षं मी लोकांले म्हणून राहिलो, जीभ दाखवा. त्यांनी दाखवली. मी वरूनच पाहिली. खाली काय आहे ते कधी पाहिलंच नाही गा."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं खोकल्याच्या, तापाच्या, गुडघ्याच्या, सगळ्यांना आ करायला लावलं. पाय मुरगळून आलेला ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पाय खाली आहे."

"माहीत आहे. आ करा."

त्याच्या गालात पांढरा चट्टा निघाला. तेव्हा मात्र आम्ही हसलो नाही. दादा त्याच्याबरोबर बसनं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला, रांगेत उभा राहिला, त्याचा नंबर लागेपर्यंत थांबला आणि परत आल्यावर पट्टी पाहिली. पट्टी काही वाढलेली नव्हती.

मग पाचवा धडा आला. तंबाखू कोणकोणत्या रूपात असते याची चित्रं त्यात होती. खर्रा, पुडी, बिडी. मी अर्धवट झोपेत होतो. मॅडम म्हणत होत्या, "अनेक स्त्रिया तंबाखू खात नाही असं सांगतात आणि ते खरंच सांगतात. कारण त्या ती खात नाहीत, दातांना लावतात." आणि आवाज थांबला. मी डोळे उघडले. दादानं व्हिडिओ थांबवला होता. मोबाइलच्या पडद्यावर एक लहानशी गोल डबी होती. गुडाखूची. तंबाखू आणि गुळाचा काळा, चिकट लगदा, बोटावर घ्यायचा आणि हिरड्यांवर घासायचा.

दादा त्या डबीकडे पाहत होता. मी दादाकडे पाहणं टाळत होतो.

इथं मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माई परसातल्या निंबाच्या आड उभी राहून चाळीस वर्षांपासून सकाळी-दुपारी गुडाखू घासते. डॉक्टर भावासमोर नाही, त्याच्या पाठीमागे. दादाला ते चाळीस वर्षांपासून माहीत आहे आणि त्याला ते माहीत नाही असं तो चाळीस वर्षांपासून वागतो. आमच्याकडे मोठ्यांची सवय लहानांना दिसत नसते. ती दिसली असं दाखवणं म्हणजे त्यांचा मान काढून घेणं. आणि दर पंधरा दिवसांनी कन्हानच्या बाजारातून ती डबी माईला आणून देतो कोण? मी. शाळेच्या पिशवीत, रंगांच्या खोक्याखाली लपवून. माई मला त्याबद्दल लहानपणासारखी मूठभर शेंगदाणे देते आणि बावन्न वर्षांचा मी ते घेतो.

दसऱ्यापासून माईनं तिखट सोडलं होतं. ठेच्याशिवाय भाकरीला हात न लावणारी बाई दहीभात खायला लागली होती. "तोंड पोळते," म्हणायची, "उन्हाचं असंन." हिवाळ्यात. तोंड पोळणं म्हणजे काय असू शकतं हे त्याच पाचव्या धड्यात होतं, आणि उशीर झाला तर काय होतं तेही होतं, फोटोंसकट.

त्या दिवसापासून दादाचा "दात कशानं घासता" सुरू झाला. तो बसमध्ये कंडक्टरला विचारू लागला, दूधवाल्याला, न्हाव्याला, न्हाव्याच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला. कळमेश्वरहून आलेल्या एका पाहुण्यानं मुलीचं स्थळ सांगायला तोंड उघडलं, ते दादानं तसंच उघडं ठेवायला लावलं. लोक त्याला लांबून पाहून रस्ता बदलू लागले. बायका मात्र उत्तर द्यायच्या. त्यांना असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. दुपारी चारनंतर बाकावर सात-आठ जणी पदराआड हसत बसलेल्या असायच्या आणि आत एकीला दादा म्हणत असायचा, "लाजू नको वं बाई, मी काही सासूले सांगत नाही."

सगळ्या कोराडीची तोंडं त्यानं पाहिली. एक सोडून.

एकदा मी धीर करून विचारलं, "माईचं?"

तो वही चाळत म्हणाला, "तिची काही तक्रार नाही."

"तक्रार नसंन तर पाहाचं का नाही? कोर्समध्ये काय आहे?"

दादानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कोर्समध्ये माई नाही गा," तो म्हणाला.

दिवस जात राहिले. पट्टी नव्वदच्या पुढे गेली. माईचा दहीभात पातळ होत होत ताक-भातावर आला. मी दोन वेळा डबी आणायला "विसरलो". तिसऱ्या वेळी माईनं माझ्याकडे असं पाहिलं की आणली. माझ्या धैर्याची उंची एवढीच.

शेवटच्या धड्याचं काम मोठं विचित्र होतं. रुग्णाच्या तोंडात काही संशयास्पद दिसलं तर ते त्याला कसं सांगाल, याचा व्हिडिओ काढून पाठवायचा. न घाबरवता, न रागावता. रुग्ण खोटा चालेल. खोटा रुग्ण म्हणून मला स्टुलावर बसवण्यात आलं. तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला.

पहिल्या वेळी दादा म्हणाला, "तुमच्या तोंडात चट्टा आहे. खर्रा खाताना अक्कल कुठं गेली होती?" हे बाद.

दुसऱ्या वेळी त्यानं मला रोगाची इतकी सविस्तर माहिती दिली की मला खरंच घाम फुटला. बाद.

तिसऱ्या वेळी तो मॅडमसारखं स्थिर हसत बोलला. मी म्हणालो, "दादा, असं हसून सांगितलं तर पेशंट पळून जाईल." बाद.

चौथ्या वेळी तो नुसता माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "तुम्हाला काही सांगायचं आहे का?" हे वाक्य वहीत होतं, आधी रुग्णाला बोलू द्या असं. त्या दुपारच्या उन्हात, त्या राखेच्या तरंगण्यात, काय झालं कोण जाणे, मी खोटा रुग्ण असल्याचं विसरलो.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "माईची डबी मी आणून देतो."

दादा रागावला नाही. "माहीत आहे मले," तो म्हणाला. "डबी कन्हानच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली राहते. आपल्या इथं तो पेपर येत नाही." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तू आणली, मी आणू दिली. आता कोणत्या तोंडानं तिले आ कर म्हणू? आणि तिनं आ केलं, अन् आत दिसलं तर, सुधाकर?"

पडदा सरकला. माई लुगड्याला हात पुसत बाहेर आली. चारही वेळा आम्ही जे बोललो ते तिनं स्वयंपाकघरातून ऐकलेलं होतं. भिंत काही जाड नाही.

"ऊठ रे," तिनं मला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसली. "माहा नंबर कवा लागणार हाय?"

दादानं वही उघडली, परत मिटली.

"साऱ्या गावाचं तोंड पायलं तू," माई म्हणाली. "शेजारणीचं पायलं, दूधवाल्याचं पायलं. ह्या सुधाकरचं रोज पायते. माह्याकडे काही आला नाही. मले वाटलं, मन्याले दुरूनच दिसलं असंन. आता पाहासारखं काही उरलं नसंन, म्हणून येत नसंन."

"नाही वं माई," दादा म्हणाला. त्यानं खिशातून टॉर्च काढला.

"मग पाय ना."

तिनं तोंड उघडलं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, डोळे मिटून, हात मांडीवर, गुडाखूनं काळे झालेले दात उघडे टाकून बसली होती. दादानं टॉर्च लावला. त्यानं ओठ आतून पाहिला, गाल पाहिले, जीभ उचलून खाली पाहिलं. घाई केली नाही. खालच्या ओठाच्या आत, जिथं ती लगदा लावायची तिथं, तो थांबला. मी खिडकीबाहेर पाहत होतो. चिमणीचा धूर कुठंच जात नव्हता.

टॉर्च विझला. वहीत लिहिलेल्या वाक्यांपैकी एकही दादाला आठवेना. माईच वाट पाहून म्हणाली, "सांग ना. कोर्समध्ये आहे तसं सांग."

मग माझा भाऊ ताठ बसला आणि आपल्या बहिणीला, मॅडमच्या पुस्तकी मराठीत, अहो-जाहो करत म्हणाला, "तुमच्या ओठाच्या आत एक पांढरा चट्टा दिसतो आहे. तो कर्करोगच असतो असं नाही. पण लहानसा तुकडा काढून तपासावा लागेल. तुम्ही एकट्या जाणार नाही. मी तुमच्यासोबत येईन."

"बरं," माई म्हणाली. आणि दोघंही तसेच बसून राहिले. मीही.

तुकडा काढला. अहवाल यायला जे दिवस लागले त्या दिवसांत दवाखाना बंद होता, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. अहवालात होतं की अजून रोग झालेला नाही, पण चट्टा त्या वाटेवर आहे. त्यावर इलाज आहे, डबी सोडावी लागेल, आणि दर तीन महिन्यांनी येऊन दाखवावं लागेल. डबी सोडायला माईला फार जड गेलं. अजूनही जातं. कधी कधी ती निंबाजवळ जाऊन नुसतीच उभी राहते. मी आता कन्हानच्या बाजारातून दुसऱ्या रस्त्यानं येतो.

तो चौथा व्हिडिओ दादानं संस्थेला पाठवला नाही. मला परत स्टुलावर बसवून त्यानं पाचवा काढला, फार वाईट झाला, तरी पास झाला. सर्टिफिकेट आलं, ते वजनकाट्याच्या वर टांगलेलं आहे. लोक वजन करताना वाचतात.

पण त्या दिवशी डाळीच्या डब्याला टेकवलेला मोबाइल बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. सगळं बोलणं झाल्यावरही तो बराच वेळ रेकॉर्ड करतच होता. परवा मी बाकावर आडवा झालो होतो. डोळा लागला होता, मग उघडला. दादानं शर्टाचं वरचं बटण लावलेलं, चपला टेबलाखाली काढलेल्या. समोर मोबाइल उभा. मॅडमचा आवाज मात्र नव्हता. आवाजच नव्हता, फक्त बाहेरून गेलेल्या एखाद्या बसचा, तोही जुना.

"कोर्स तर संपला ना?" मी विचारलं. "काय पाहून राहिला दादा?"

"काही नाही गा," तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "माई बसून आहे."